दिवाळीनंतर डोंगरावर जाणाऱ्या आईला

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. पण दारावरचे कंदील उतरले आणि मुलुंडला पहाटे पंखा बंद करावासा वाटायला लागला, की माळ्यावरून सॅक खाली ओढणारी तूच डोळ्यांपुढे येतेस. औषधांच्या पॅकिंगमध्ये दिवसभर उभं राहून काम करायचीस आणि चाळिशी उलटल्यावर तुला डोंगर चढायचं सुचलं. कंपनीतल्या दोन मैत्रिणी सोबत असायच्या. भांडुपची मावशी अगदी कमी बोलणारी, आणि वाकोल्याची मावशी मालवणी, जिचं हसणं जिन्यात खालपासून ऐकू यायचं. आधी आपल्या मागचाच डोंगर, मग कर्जतकडचे, मग थेट कसाऱ्यापलीकडचे. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यातच अडवून विचारलं, "या वयात काय हे नवीन? घरात कामं नाहीत का?" तू हसत म्हणालीस, "आहेत ना. म्हणून तर जाते." मला मात्र त्या रात्री भाकरी थापताना खरं कारण सांगितलंस. "गावाला रोज डोंगरात जायचे गं मी, सरपणाला. डोक्यावर मोळी नसताना डोंगर कसा दिसतो, ते बघायचंय मला."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुम्ही मला बरोबर नेलंत. कसाऱ्यापलीकडचा तो गड तुझ्या मनात कधीपासून होता. वरच्या टोकावरून उगवतीला डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात, असं कुणीतरी तुला सांगितलं होतं. गवत पिवळं पडलेलं, कारवी वाळून खडखडत होती, हवा इतकी स्वच्छ की खालच्या वाडीतली कोंबडी आरवली तरी ऐकू येई. चालताना तू सगळ्यांच्या मागे. मला वाटलं, दमलीस. म्हटलं, "आई, पुढे ये ना!" तर म्हणालीस, "मागच्या माणसाला मागे कुणीतरी लागतं." संध्याकाळी आपण टोकाच्या खालच्या गुहेत पोचलो. तू चूल मांडलीस. वारा सुटला होता, माझे दात वाजत होते, आणि वाकोल्याची मावशी गुहेजवळच्या टाक्यावर पाणी भरायला गेली होती.

तिचा पाय शेवाळावरून घसरला. आपण धावलो तेव्हा ती टाक्यात गळ्यापर्यंत बुडालेली, कड धरून उभी. तिघींनी ओढून बाहेर काढलं. आधी ती हसत होती, "वाट लागली गो माझी," म्हणत होती. मग हसणं थांबलं, ओठ निळे पडले आणि शब्द अडखळायला लागले. मी घाबरून नुसती बघत उभी. तू मात्र एकदाही आवाज चढवला नाहीस. तिचे ओले कपडे उतरवलेस, स्वतःचा स्वेटर आणि कानटोपी तिला घातलीस, आणलेलं एकुलतं एक घोंगडं तिच्याभोवती गुंडाळलंस. "ए, तू तिच्या पाठीला चिकटून बस. आणि तू गूळ घालून पाणी तापव," असं भांडुपच्या मावशीला आणि मला कामाला लावलंस. स्वतः साध्या पातळ कुडत्यावर बसून तिचे पाय मांडीवर घेतलेस आणि चोळत राहिलीस. मध्येच तिला विचारायचीस, "सांग, माशाच्या कढीत तिरफळं कधी टाकतेस?" ती नीट उत्तर देईना, तेव्हा पुन्हा तेच विचारायचीस. किती वेळाने कोण जाणे, ती एकदम चिडून म्हणाली, "कितीदा सांगू गो तुका? कढ इल्यार!" आणि तू पहिल्यांदा मान खाली घातलीस. तुझे खांदे हलत होते. रडत होतीस की हसत होतीस, मला कळलं नाही.

उजाडायच्या आत मी उठले तेव्हा टोक समोर दिसत होतं, अगदी जवळ. मावशी म्हणाली, "माका आता बरा वाटता. तू जाऊन ये वर." भांडुपची मावशीही म्हणाली, "जा गं, मी आहे ना हिच्यापाशी." तू टोकाकडे पाहिलंस, पुरेसा वेळ पाहिलंस. मग चुलीवर माती टाकत म्हणालीस, "चौघी आलो, चौघी उतरू. डोंगर कुठे पळून जातोय?" उतरताना तू पुन्हा मागे, आणि तुझ्या पुढे मावशी, काठी टेकत. तुझ्या तोंडावर हळहळ शोधत मी कितीदा तरी मागे वळून पाहिलं. तू मागून तिच्या हातात भाकरीचे तुकडे देत चालली होतीस.

पुढच्या हिवाळ्यात तुझं दुखणं निघालं. डोंगर तिथेच राहिला, तुला मात्र जायला जमलं नाही.

आता मी त्या वेळच्या तुझ्या वयाची आहे. माझ्याही तीन मैत्रिणी आहेत, दोघी बोरीवलीच्या, एक घाटकोपरची. आमच्याकडे तंबू आहेत, चांगल्या स्लीपिंग बॅगा आहेत, आणि तरीही थंडी वाजली की आम्ही एकाच तंबूत घुसून कॉलेजातल्या पोरींसारख्या खिदळतो. यंदा त्याच गडावर गेलो. गुहेपाशी मुक्काम केला आणि पहाटे टोकावर चढलो. खरंच गं, रांगांमागे रांगा आहेत, आणि त्यांच्यामध्ये धुकं दुधासारखं साचलेलं असतं.

हे कागदावर उतरवते आहे, पण पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला वाचायला देणारही नाही. तुला एकच सांगायचं होतं. सगळ्यांना वाटलं असणार, टोकावर मी तुझ्या आठवणीने गप्प झाले असेन. तसं काही झालं नाही. गरम चहा हातात होता, घाटकोपरची काहीतरी वेडंवाकडं बोलली, आणि आम्ही पोट धरून हसलो. इतकं छान वाटत होतं की तिथे असेपर्यंत तू मला एकदाही आठवली नाहीस.