यंत्र मला ओळखेना

जाफराबाद, गुरुवार, १४ सप्टेंबर २००६

गळ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे मुका होतो. डॉक्टर म्हणाले होते, आवाज येईल, पण तोच येईल असं नाही. आज बोलायची परवानगी मिळाली आणि तडक संगणकापुढे बसलो. लोकांच्या चुकांना चिमटे काढणारं वर्तमानपत्रातलं माझं हिंदी सदर मी बोलतो, तो टाइप करतो. त्यासाठी पानंच्या पानं वाचून त्याला माझा आवाज शिकवलाय. आज मात्र काहीही बोललो तरी पडद्यावर एकच ओळ: आवाज ओळखता आला नाही. तोच येईल असं नाही... म्हणजे गेला का? की पंख्याची घरघर? पंखा तर बंद होता, मी घामाघूम.

आवाज बदललाय का, हिला विचारलं. म्हणाली, "मला तर पहिल्यासारखाच कडू लागून राह्यला." बायकोच्या दिलाशावर कुणी विश्वास ठेवावा?

शेवटी ज्यानं हे सॉफ्टवेअर बसवलं, त्या सलीमला दुकानात फोन लावला. नुसतं "हॅलो" म्हणालो.

"बोला काका!" मी पडद्यावरची ओळ आणि गळ्याची शंका सांगितली. "परवा मी अपडेट टाकून गेल्तो ना, त्यानं सगळ्यांचेच शिकवलेले आवाज पुसले. कंपनीनं कबूल केलंय. तुमचा गळा बिलकुल बराबर हाय. पुन्हा वाचून शिकवा."

मी नाव सांगितलंच नव्हतं!

माझी रोजीरोटीच दुसऱ्यांच्या चुकांवर चालते. पण कुणाच्या चुकीवर पेढे वाटावेसे वाटले, ते आजच.