लांब बाह्यांची पोलकी

आखाडा बाळापूर,
१२ जून २०२४

ती. दादास,
द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलता येत न्हाई, सून कान देऊन असते. म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या रामजीच्या हाती देऊन राहिले. तो हळद विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात येणार आहे. वाचून फाडून टाका.

दादा, आपल्याला फसवलं. काल विश्वंभरला उघड्यानं अंघोळ करताना पाहिलं. छातीवर, दंडावर, काखेजवळ वाटाण्याएवढ्या गाठीच गाठी! तीन महिन्याखाली लग्न झालं, त्याआधी माझ्या लेकराला काय बी नव्हतं. हे साधनानंच आणलं. तिच्या पेटीत मलमाची डबी सापडली, वरचा कागद खरवडलेला. विचारलं तर मान खाली घालून भांडी घासत बसली. हळदीच्या दिवशीच तिच्या आंगचं माझ्या पोराला लागलं, मला पक्कं कळलं. तिचा टावेल, ताट-तांब्या सगळं वेगळं केलंय. ऐतवारी या. तिच्या बापाला बोलवू आन् पोरगी त्याच्या हवाली करू.

भाचा तुमचाबी आहे, एवढं ध्यानात ठेवून यावं.
तुमची द्वारका

हिंगोली,
१८ जून २०२४

चि. सौ. द्वारकास,
माणिकरावाचे अ. उ. आ.

चिठ्ठी फाडली न्हाई, पुढं तुलाच दाखवायची आहे. मी येण्याऐवजी विश्वंभरलाच इकडं बोलवून कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. ह्या तेलकट द्रवाच्या बारीक पिशव्या आहेत म्हणाल्या. वयात येताना दिसायला लागतात. जिवाला धोका न्हाई, शिवल्यानं कुणाला लागत न्हाई. एखादी दुखली, पिकली तर दाखवायची, घरी फोडायची न्हाई. हे आईबापाकडून येतं; एकाला असलं तर लेकरात उतरायची शक्यता निम्मी. विश्वंभरला सतराव्या वर्षापासून आहे. डबीबी त्याचीच. तुला कळू नये म्हणून त्यानंच बायकोला लपवायला सांगितली.

आता एक सांग. उष्टी हळद कुठून कुठं गेली? नवरदेवाला लावून उरलेली वाटी मांडीवर घेऊन मीच नवरीकडं गेलो होतो. तिच्याकडून आपल्याकडं काय आलं? हळदीनं लागत असतं तर आज तिचा बाप तुझ्या दारात भांडत बसला असता.

रागावलीस तरी चालेल, पण त्या पोरीला नीट जेवू घाल.
तुझा दादा

आखाडा बाळापूर,
२२ जून २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई कुणाच्या ओळखीची? साधनाचा भाऊ हिंगोलीत औषधाच्या दुकानात आहे, त्यानंच पढवली असंल. म्हणे आईबापाकडून येतं! ह्यांच्या आंगावर तर तीळबी न्हाई. म्हणजे माझ्यावर आणता व्हय? साधना वेगळ्या ताटात गुमान जेवते, एक शब्द बोलत न्हाई. चूक नसलेलं माणूस असं गप बसतं का? आन् तुमी काहून तिची बाजू घेऊन राहिलात? तुमीच काहीतरी लपवून राहिलात, असं वाटतंय मला.

लोभ कुणावर ठेवायचा ते तुमीच ठरवा.
द्वारका

हिंगोली,
२७ जून २०२४

चि. सौ. द्वारकास,
अ. आ.

तुझा संशय बराबर आहे. मी लपवतोय, चाळीस वर्षं झाली. माझ्या हळदीला मी सदरा काढला न्हाई, तुमी बहिणींनी गळ्यातून हात घालून हळद लावली आणि मला लाजरा म्हणून हसलात. छातीवर, पाठीवर, दंडावर मिळून साठ-सत्तर गाठी आहेत. बाबांनाबी होत्या. आईनं मला शपथ घातली होती, पोरीचं लग्न व्हायचंय, तोंड उघडू नको.

तुला पाहायला पाहुणे येणार होते, तवा आईनं ऐन उन्हाळ्यात तुला लांब बाह्यांची पोलकी शिवली. काहून शिवली, हे तू कधीच विचारलं न्हाईस. आता दार लावून घे, हात वर कर आणि आरशात पाहा. मग साधनाच्या बापाला कधी बोलवायचं ते कळव.

माया होती तशीच आहे.
दादा

आखाडा बाळापूर,
४ जुलै २०२४

ती. दादास,
द्वारकाचा शि. सा. न. वि. वि.

आरसा लागला न्हाई. दंडावर काखेजवळ चार गाठी आहेत, सोळाव्या वर्षापासून. ह्यांनाबी कधी दिसू दिल्या न्हाईत. दादा, लेकराच्या आंगावर पाहिल्या तवाच मी ओळखल्या होत्या. ओळखल्या म्हणूनच एवढी ओरडले. लिहायला शरम वाटून राहिली.

काल साधना सैपाकघरात तिचं वेगळं ताट घेऊन बसली. मी ते बाजूला सारलं, माझ्या ताटात वाढलं आन् पोलक्याची बाही वर केली. तिनं बोट लावून पाहिलं आन् विचारलं, आत्याबाई, दुखतं का. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी लई रडले. मग तिनं सांगितलं, तिला दिवस गेलेत. भीतीनं बोलली नव्हती. लेकराला होईल का, म्हणाली. मी म्हणाले, निम्मं-निम्मं आहे. झालं तर झालं, पण त्याला लांब बाहीचं काही शिवायचं न्हाई.

ऐतवारी तिच्या बापाला बोलावलंय, मला माफी मागायची आहे. तुमीबी या. उकाडा लई आहे, अर्ध्या बाहीचा सदरा घालून या.

तुमची द्वारका