पी. रामटेकेचे तीन किलो

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पुण्याच्या रेसचं कार्ड आलं की घर बंद! सकाळपासून हे पलंगभर कागद पसरून बसलेत. चादर बदलायला गेले तर म्हणे, "हात नको लावू, कांता. चौथी रेस वाळून राहिली." स्केचपेनची शाई! रेल्वेत सेक्शन कंट्रोलरच्या नोकरीत जन्म गेला गाड्यांच्या रेघा ओढण्यात — कोणती गाडी कोणत्या स्टेशनला किती वाजता. आता रिटायर झाले तर तशाच रेघा घोड्यांच्या. कोणता घोडा कोणत्या फर्लाँगला किती सेकंदात. रेसकोर्स जन्मात पाहिलेलं नाही! रायपुरात घोडा दिसतो तो वरातीत.

आणि हे सगळं कशासाठी ते मला माहीत आहे. यांनाही माहीत आहे. आमची पायल तिथे जॉकी आहे. रेल्वेच्या परीक्षेला न बसता पुण्याला गेली, तेव्हापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. नावसुद्धा घेत नाहीत. कार्डावर छापलंय तसं म्हणतात — "पी. रामटेके". स्वतःच्या पोटच्या पोरीला!

शनिवार, १३

बोटं दुखून आली. यांचं जाड बोट मोबाइलवर एका दमात तीन अक्षरं दाबतं, म्हणून हे सांगणार आणि मी लिहिणार. जुन्या कंट्रोलवाल्यांचा ग्रुप आहे, त्यावर उद्याच्या टिप्स जातात.

"पहिली रेस, बाराशे मीटर. लेडी सातपुडा. मागच्या वेळी बाहेरच्या गेटमधून सुटली तरी शेवटचे दोन फर्लाँग सगळ्यात जलद. आता आतलं गेट. पहिली येईल." असं पानभर. आणि बरोबर निघतं, हाच तर वैताग आहे! चुकले असते तर गप्प तरी करता आलं असतं.

पायलचा घोडा आला की आवाज घट्ट. "ब्रास व्हिसल. घोडा बरा. जॉकी कच्ची. टाळा."

मी म्हटलं, "हे मी नाही लिहीत."

"काहून? घरच्या माणसाले वेगळा सिग्नल देत नसतो मी."

लिहिलं. नाही लिहिलं तर पानावरून उठतात.

रविवार, १४

लेडी सातपुडा पहिली. पायल तिच्या रेसला तिसरी.

"म्हटलं होतं," हे म्हणाले. पण तिची रेस चालू होती तेव्हा पलंगावरून उठून उभे राहिले होते, मी पाहिलं ना!

संध्याकाळी पायलचा फोन. पोरीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. "आई, बाबा ने रेस देखी?" म्हटलं, हव, पाहिली. "कुछ बोले?" म्हटलं, खोकला झालाय त्यांना, बोलवत नाही. मग नेहमीचा प्रश्न — "ग्रुप में मेरे बारे में क्या लिखा?" म्हटलं, चांगलं लिहिलं. दर वेळी हेच सांगते. दुसरं काय सांगू? बापाने तोंड शिवलंय आणि टाके मी सांभाळायचे.

मंगळवार, १६

मुलगा आला होता नवा रायपुरहून, यशदीप. म्हणतो, "पापा का मैसेज तो हमारे ऑफिस में घूम रहा है, मम्मी! नीचे लिखा रहता है — रायपुर के कंट्रोल साहब." म्हणजे कोणीतरी ग्रुपबाहेर पाठवतंय. यांना राग यायला हवा होता. आला नाही! दिवसभर मिशीतल्या मिशीत हसणं चालू. वरणाला मीठ नव्हतं तरी बोलले नाहीत.

गुरुवार, १८

आज पकडलं!

शिकाऊ जॉकी असला की घोड्याच्या पाठीवर ठरलेल्या वजनापेक्षा तीन किलो कमी देतात. नियमच आहे तो रेसवाल्यांचा. नवीन कार्ड मी वाचत होते, हे लिहीत होते. दुसऱ्या रेसमधल्या शिकाऊ पोराचे तीन किलो कमी केले. पाचव्या रेसमधल्याचेही केले. सहाव्या रेसला पायल, तीही शिकाऊच — पूर्ण वजन! मागचे कागद काढले. सगळीकडे तेच. सगळ्या जगाच्या पोरांना सूट, आपल्या पोरीला नाही!

विचारलं तर म्हणे, "सूट घेऊन जिंकली तं लोक काय म्हणतील? सूट न घेता जिंकू दे, मी पहिली लिहीन."

"अहो, पण घोडा तर कमीच वजन घेऊन पळून राहिला ना! तुमच्या कागदानं त्याच्या पाठीवर वजन चढते का?"

मग मीच पेन घेतला. इतकी वर्षं पाहतेय, रेघ मलाही येते. तीन किलो कमी धरले तर ब्रास व्हिसल सरळ पहिला येतो. हे माझ्या खांद्यावरून बघत होते. चष्मा पुसला आणि आंघोळीला गेले. माणूस आहे की भिंत!

शुक्रवार, १९

पायलचा फोन. आवाजच वेगळा! रविवारी ब्रास व्हिसलचा मालक स्वतः येणार आहे. जिंकली तर त्याचे सगळे घोडे पायलला, पूर्ण सीझन. "आई, यही मौका है. ये गया तो फिर सुबह घोड़े घुमाने का ही काम मिलेगा."

यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "हं."

शनिवार, २०

म्हटलं, आज तरी खरं लिहा. पाया पडते.

"सहावी रेस. ब्रास व्हिसल. घोडा उत्तम. जॉकी कच्ची. टाळा."

भांडले. हे उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. ग्रुपवर एकामागून एक — "रामटेकेजी, टिप्स?" "साहब, आज देर कैसे?" डोकं इतकं भणभणलं की म्हटलं जाऊ द्या, पाच रिटायर म्हातारे आणि यशदीपचं ऑफिस वाचणार, कोणाचं काय बिघडतंय. जसं सांगितलं तसं लिहिलं आणि पाठवून दिलं.

रविवार, २१

बिघडलं.

सकाळी पायलचा फोन. मालकाने तिला घोड्यावरून काढलं. दुसरा जॉकी बसवला. का म्हणून विचारलं तर त्याने मोबाइलच पुढे केला — रायपुरचे कंट्रोल साहब, यांचं कधी चुकत नाही, जॉकी कच्ची, टाळा. "तबेल्यात सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, आई." हे वाक्य चक्क मराठीत बोलली. "हे बाबांनीच लिहिलं ना?"

तिने फोन ठेवला.

दुपारी ब्रास व्हिसल जिंकला. दुसरा जॉकी शिकाऊ नाही, म्हणजे घोड्यावर पूर्ण वजन. तीन किलो जास्त घेऊन जिंकला, तोही हसत-खेळत. हे म्हणाले, "पायल असती तं लय पुढं असती."

पायल म्हणाले! आज सुचलं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि रागाने रडले. जेवण कोणीच केलं नाही.

सोमवार, २२

यांनी फोन लावला. स्वतःहून. दोनदा लावला, तिने उचलला नाही. मी म्हटलं, सरका, माझा उचलते ती.

माझाही उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, मला एकटीला.

"बाबा तो कभी झूठ नहीं बोले, आई. अच्छा लिखा है, ये तुम बोलती थीं."