एका गुद्द्याचा लॉग

सोमवार, ४ ऑगस्ट
शुक्रवारी क्लासमध्ये माझा डेमो. पालकही येणार. मुलांना गणितातला लॉग समजला तर क्लासच्या मालकीण मॅडम मला पर्मनंट करणार, नाहीतर दाजींच्या गॅरेजात टायर बडवायचे. दाजी म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडलेल्याने मास्तरकी करू नये. त्यांना काय कळतं! लॉग सोपा आहे. आकडे फार मोठे असले की आवरते घ्यायचे. दर दुपटीला एकच पायरी. एकाला शून्य, दोनाला एक, चाराला दोन, आठाला तीन.

मंगळवार, ५ ऑगस्ट
मुंग्या आणि हत्तींचं उदाहरण दिलं. मुलं पेंगली. मिरची म्हणून एक किडकिडीत मुलगी आहे, तिने शेजाऱ्याच्या मांडीत कर्कटक खुपसलं. रक्त आलं. पण वर्ग जागा झाला, हे महत्त्वाचं.

बुधवार, ६ ऑगस्ट
शिक्षकाने मुलांच्या पातळीवर उतरावं. फळ्यावर लिहिलं : आठ गुद्दे म्हणजे तीन. सगळे ताठ बसले. मिरचीने विचारलं, सर, मग एक गुद्दा? म्हटलं, शून्य. नक्की ना सर, शून्य म्हणजे काहीच नाही ना? म्हटलं, अगदी! एवढी जिज्ञासा या वर्गात प्रथमच पाहिली. भरून आलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत एकाचा दात पडला, एकाचं नाक फुटलं. दरडावलं, तर म्हणतात, सर, प्रत्येकाने एकच मारला. म्हणजे समजलंय! ताई म्हणाली, अरे बाबा, पोरांना आवर, नाहीतर तुझंच टाळकं शेकेल. ताई पहिल्यापासून घाबरट.

शुक्रवार, ८ ऑगस्ट. दुपारी
मॅडमनी कौतुकाने स्वतःच्या मुलाला फळ्यापाशी उभं केलं. मी विचारलं, एका गुद्द्याचा लॉग किती? अख्खा वर्ग उठला. तोंडी उत्तरही चाललं असतं. पण शिस्त वाखाणण्यासारखी. रांगेने यायचं, एक हाणायचा, ‘शून्य!’ ओरडायचं, मागच्याला जागा द्यायची. मुलगा आडवा झाला तरी रांग मोडली नाही. मॅडमनी लाकडी पट्टी माझ्या कपाळावर मोडली. मग डस्टर घेतलं. मग पालक उठले. त्यांना रांग माहीत नव्हती.

शनिवार, ९ ऑगस्ट
कालचं आणि आजचं, दोन्ही डाव्या हाताने लिहितो आहे. चूक सापडली. आधी सगळ्या गुद्द्यांची बेरीज, मग लॉग. मी प्रत्येकाचा वेगळा काढू दिला. एवढंच. मॅडमना फोन करून समजावलं. त्या म्हणाल्या, पुन्हा दिसलास तर दुसराही हात मोडीन. रागात आहेत, निवळतील.
संध्याकाळी दाजी आले. टोमणा मारतील म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी प्लास्टर उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, हवा भरायला एक हात पुरतो, सोमवारी ये.
बरं म्हणालो.