पथ्यबाईंचा पत्ता

प्रिय पथ्यबाई,

हे नाव तुला माझ्या बायकोनं ठेवलं होतं, तोंडावर कधी म्हणाली नाही एवढंच. मी पाटीवाला काका. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तुझ्या खोलीच्या दारावर तुझं नाव आणि खाली 'आहारतज्ज्ञ' असं निळ्या रंगात लिहून दिलं होतं, तोच. त्याआधी तू वहीचा कागद चिकटपट्टीनं दाराला लावून बसली होतीस, मला ते बघवेना. तुझी काकू गेली, पोरी. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. तू सापडायला हवी आहेस म्हणून लिहितोय. सापडशील असं मात्र मला वाटत नाही.

तू होतीस तोवर काकूचं बरं चाललं होतं. किडन्या निम्म्याहून जास्त गेलेल्या, पण बाई ताठ. बाकी सगळीकडे छापील कागद हातात कोंबायचे, हे बंद, ते बंद. तू पहिल्याच दिवशी विचारलंस, "काकू, तुम्हाला आवडतं काय?" ती म्हणाली, बटाटा. आता फुली बसणार म्हणून मी तयारीतच होतो. तर तू तिला बटाटा बारीक चिरून भिजत घालायचा, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, असं शिकवलंस. मोजक्या फोडी, त्याही कधीतरीच. घरी आल्यावर म्हणायची, चव मोरीत आणि चोथा ताटात. पण खायची मिटक्या मारत.

मग हॉस्पिटलनं तुमचा विभाग बाहेरच्या कंपनीला देऊन टाकला आणि तू दिसेनाशी झालीस. आमच्याकडे तुझा म्हणून जो नंबर होता तो हॉस्पिटलचाच निघाला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, त्या आता इथे नसतात, नंबर देता येत नाही. तिचं तरी काय चुकलं म्हणा. मग आमच्या धाकट्या लेकीनं मोबाईलवर तुझं नाव शोधलं. त्या नावाची एक नर्तकी निघाली, कुठल्याशा शाळेचा निकाल निघाला, आणि हॉस्पिटलच्या कार्यक्रमाचा एक जुना फोटो निघाला, त्यात तू मागच्या रांगेत, अर्धी कापलेली. संपलं. एवढं शिकलीस, इतक्या लोकांना जेवायला शिकवलंस, आणि जगाच्या लेखी तू म्हणजे मागच्या रांगेतला अर्धा चेहरा! माझं डोकंच फिरलं तेव्हा.

नावापुढे 'किडनीचा आहार' जोडल्यावर सगळ्यात वर कोण आलं असेल, तर एक रसवाली. पांढरा कोट, हसरा चेहरा, स्वतःची झकास वेबसाईट. शिक्षण काय ते कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बाकी सगळं होतं. भेटीच्या वेळा, लोकांचे अनुभव, प्रश्न विचारायला जागा, आणि विचारलं की लगेच उत्तर. किडनी आतून धुऊन काढायचा हिरवा रस म्हणे. पालक, टोमॅटो, केळं. तू काकूला ज्याच्यावरून डोळे वटारायचीस ते सगळं एका ग्लासात. मी म्हटलं, अगं, पथ्यबाईंनी काय सांगितलं होतं? त्यावर काकू म्हणाली, "पथ्यबाई आहेत कुठे? हिला निदान पत्ता तरी आहे." दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो ग्लास सुरू झाला. जन्मभर पाट्या रंगवल्यात मी. पाटी नसलेल्या दुकानाचं गिऱ्हाईक शेजारचा ओढून नेतो, मग त्याच्याकडे माल असो नाहीतर माती. तिसऱ्या आठवड्यात काकू भांडी विसळता विसळता खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, त्यानं हृदय बंद पडलं.

तुला बोल लावत नाही. रसवालीला मात्र मनातल्या मनात रोज शिव्या घालतो, त्यानं काय होतंय ते सोड. पण तू आपली एक वेबसाईट कर. कॉम्प्युटरचं कौतुक मला नाही, त्यानंच माझे ब्रश माळ्यावर टाकले. तरी सांगतो. हॉस्पिटलच्या दारावरची पाटी हॉस्पिटलची असते. परवा बघून आलो, माझी निळी अक्षरं खरवडून वर दुसऱ्याच कुणाचं नाव चिकटवलंय. तू म्हणायचीस, चांगल्या कामाला जाहिरात कशाला. अगं, जाहिरात कसली, आजारी माणसाला दार कुठलं ते कळायला नको का? नाव लिही, शिक्षण लिही, कुठे बसतेस, केव्हा बसतेस ते लिही. आणि बटाट्याचं पाणी फेकून द्यायचं, तेही लिही. ते वाचून एखादी तरी काकू ग्लास खाली ठेवेल.

हे पत्र हॉस्पिटलच्या शिपायाकडे देतोय. कधी आल्या तर देईन म्हणाला, पण त्याचं तोंड बघूनच कळलं की खणात पडून राहणार. आमचा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय, ठळक. काकूचं सांगायला आज बसलो नाही मी. धाकटीचा रिपोर्ट आलाय. आईचाच आजार, तिच्याकडूनच आलेला. लांबवता येईल, बरा व्हायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यात तो रस मोबाईलवर तिनंच शोधून दिला होता, ते तिच्या मनातून जात नाही. भीतीनं पोरीनं खाणंच सोडलंय. नुसता भात, तोही चार घास. तुझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी छापील कागद दिला, तो घेऊन आली आणि रडत बसली. मी विचारून पाहिलं, बाळा, तुला काय आवडतं? पण मी विचारून काय उपयोग, पुढचं मला कुठे येतं? काल दुपारी ताट समोर घेऊन बसली होती, भात गार झालेला. मोबाईलवर काहीतरी करत होती. मागून डोकावलो तर तुझं नाव टाकत होती. तोच अर्धा चेहरा आला. तिनं मोबाईल उपडा ठेवला आणि ताट बाजूला सरकवलं.

तुझाच,
पाटीवाला काका