एकोणीस करवंट्या

४ मे, सकाळ.
बायको मकेरिता बोटीने राजधानीला, आपियाला गेली. तिथे आमच्या लेकीचं, फेतूचं बाळंतपण. मग ती बाळाला घेऊन इकडेच येणार. जाताना मकेरिताने बजावलं: चटया रोज उन्हात घाला, मच्छरदाणी धुवा, करवंट्यांतलं पाणी ओता, घाणीत बाळ आणायची नाही मी. हे मला. तीस वर्षं शाळेत आरोग्यशास्त्र शिकवलेल्या माणसाला.

५ मे.
विचार केला. रोज थोडं थोडं म्हणजे शक्तीचा अपव्यय. गावच्या बायकांची स्वच्छता समिती बारा तारखेला घरं तपासणार. अकराला सगळं एकदम उरकावं. शिवाय समितीची अध्यक्ष मकेरिताच. निकाल घरचाच. वेळापत्रक आखलं. सुरेख झालं आहे. दमलो.

७ मे.
खोकला. शेजारच्या लोसाची डुकरं. तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हणाली, मास्तर, आधी स्वतःची चटई झटका, मग माझ्या डुकरांना नावं ठेवा. समितीत घेतल्यापासून बाई चढून गेली आहे.

८ मे, दुपार.
फोन. नातू झाला. साडेतीन किलो. मकेरिताने विचारलं, चटया? म्हणालो, काम चालू आहे. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, म्हणून वेळापत्रक खांबाला लावलं आहे.

९ मे.
डास फार. हवामान बिघडलं आहे. अंगणातल्या करवंट्या मोजल्या. एकोणीस, सगळ्या पाण्याने भरलेल्या. मोजणी ही पहिली पायरी.

१० मे, रविवार.
रविवारी काम करणं पाप.

११ मे.
ताप. हाडं ठणकतात. तरी हरलो नाही. केरकचरा चटयांखाली सरकवला, करवंट्या पाण्यासकट पलंगाखाली, झावळ्यांचे पडदे खाली सोडले. रस्त्यावरून घर फार देखणं दिसतं.

१२ मे.
समिती आली. लोसाने चटई उचलली आणि नुसती शिंकत राहिली. मागून मकेरिता, सकाळच्या बोटीने थेट आलेली. फेतू बाळाला घेऊन अंगणातच थांबली. मी म्हणालो, ताप आहे मला. मकेरिता पलंगाखाली वाकली. म्हणाली, असणारच, डास तुम्हीच पाळलेत. मग अध्यक्ष म्हणून निकाल दिला: घर नापास. बाळ लोसाकडे राहील.

१७ मे.
ताप उतरला. करवंट्या ओतल्या, चटया झटकल्या. खोकला थांबला, डुकरांनी जागा बदलली असावी. मकेरिता म्हणते, एक दिवस नाही, महिनाभर करून दाखवा. तोवर नातू पलीकडे. लोसाच्या डुकरांच्या कुंपणापाशी उभं राहिलं की दिसतो. दोन तास उभा होतो. तिथे डास नाहीत.