कुसुमाची लाख

आलापल्ली, ६ जानेवारी १९५७
पेन्शनचा बाबू आला होता. शाईचं पॅड पुढे करून म्हणाला, "मास्तर, अंगठा बी चालते जी." ह्यांनी पॅड भिरकावलं. अर्ध्या गावाला सही शिकवलेला माणूस, आणि अंगठा! अर्धांगवायूनंतर बारीक टाक बोटांत राहतच नाही. बाबू २१ला सहीसाठी पुन्हा येणार. दिवसभर एकच डोक्यात: टाकच जाड केला तर? लाटण्याएवढा?

८ जाने.
आरागिरणीतून टाकाऊ काप आणले, पुठ्ठ्यासारखे पातळ. साग, पिवळा हळदू, काळी शिसव. ओटीभर! शेजारच्या यमुनाबाईकडे खराद आहे, लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र. नवऱ्यामागे लाटणी, भवरे तीच काढते. म्हणाली, "साधं सागाचं दांडकं काऊन नाई?" पण पदरावर पदर चिकटवले की रेघा येतील. काळ्या रेघेवर अंगठा, पिवळीवर बोट. ह्यांना शोधावं लागणार नाही.

११ जाने.
झाला!! सरसाने चिकटवून दगडाखाली दाबलेला ठोकळा आज खरादावर चढला. लाकूड गरगरलं आणि आतून रेघा वर आल्या. मी टाळ्या पिटल्या, या वयात. पुढे पितळी नीब. माझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगायच्या, पेन पाखरासारखं धरा, चिरडू नका, उडू देऊ नका.

१२ जाने.
फजिती. तीनदा दौतीत बुडवला न् सरस भिजला. टोकाचे पदर सुटले. यमुनाबाई पोट धरून हसली, "बाई, तुमचा टाक तं कांदा झाला!" मीही हसले. डोळ्यांत पाणी आलंच, कांदाच तो. हे बघत होते.
नवे पदर लगेच दाबून ठेवले.

१५ जाने.
सुचलं! भवऱ्यांना लाख लावतात ती. खरादावर फिरत्या नव्या टाकावर लाखेची कांडी टेकवली, वितळून पसरली. टोक, खाच, सगळं बंद. "पळसाच्या झाडाची नाई, कुसुमाची हाय. पक्की," यमुनाबाई.
कुसुम. माझं माहेरचं नाव. सिस्टर 'म' लांबवून हाक मारायच्या. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने 'रमा' लिहिलं, तेव्हापासून कुणी कुसुम म्हटलं नाही.
घरी येऊन ह्यांना म्हटलं, "कुसुमाची लाख लावलीय." ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

१८ जाने.
टाक सकाळपासून दौतीत उभा. एक पदर हलला नाही! ह्यांनी धरला. अंगठा आपोआप काळ्या रेघेवर. लिहिलं नाही. खालीही ठेवला नाही.

२० जाने.
दुपारी ह्यांनी कागद मागितला. मला वाटलं, सहीचा सराव. टाक सुटला नाही. वाकडीतिकडी तीन अक्षरं. कुसुम.
लाखेचं विचारत होते? की...
विचारलं नाही मी. म्हटलं, "आणि उद्याची सही?"
कागद माझ्याकडे सरकवला, आणि तळाला गेलेली दौत.
"भर," म्हणाले.